खाजगी मातीचे बांध आणि खालची वस्ती

कवठे महांकाळ तालुक्यांत पाणी ही इतकी दुर्मिळ वस्तु कीं, तें सांठविणाऱ्यास दोष देण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं, आमच्याही नाहीं. परंतु पदरचा पैसा खर्चून ओढ्यावर मातीचा बांध घालणाऱ्या बागाईतदार बंधूंस एक प्रश्न विचारणें आम्हांस अगत्याचें वाटतें. हा बांध एखाद्या रात्रीं फुटला तर खालीं कोण आहे?

धरणसुरक्षेचा कायदा २०२१ सालीं झाला. त्याचा रोख १५ मीटरांहून उंच धरणांवर आहे. १० ते १५ मीटरांपैकीं कांहीं विशेष प्रकारचीं धरणेंही त्यांत येतात. आपले चार-पांच मीटरांचे बांध त्यांत बसत नाहींत. तेव्हां त्यांची तपासणी मालकानेंच केली पाहिजे.

मोठ्या धरणांच्या शास्त्रांतील एक गोष्ट मात्र आपण अवश्य उचलावी. ती म्हणजे धोक्याची प्रतवारी. ही प्रतवारी बांधाच्या उंचीवरून किंवा मजबुतीवरून होत नसून, तो फुटल्यास होणाऱ्या हानीवरून होते. ओढ्याच्या वाटेवर नुसतें माळरान असेल तर धोका कमी. रस्ता, विहीर किंवा शेजाऱ्याची द्राक्षबाग असेल तर मध्यम. आणि एकच घर, शाळेची खोली अथवा मजुरांचें पाल असेल, तर पुरुषभर उंचीचा बांधही जास्त धोक्याचा. पुष्कळांस हा आपल्या बांधास लागलेला डाग वाटतो. ही समजूत चुकीची आहे. आज खालीं पडीक जमीन असली आणि उद्यां चुलतभावानें तेथें घर बांधलें, तर बांध तसाच राहून प्रत बदलते.

आमच्याकडे पाऊस तो कितीसा, असेंही ऐकूं येतें. परंतु म्हैसाळ योजनेनें उपसलेलें कृष्णेचें पाणी ज्यांच्या तळ्यांत येतें, त्यांचीं तळीं पावसाच्या आधींच भरलेलीं असूं शकतात. परतीचा पाऊस एका रात्रींत कोसळला तर त्यास जागा कोठली? उलट जीं तळीं कोरडीं पडतात, त्यांच्या काळ्या मातीच्या भरावास उन्हाळ्यांत भेगा जातात आणि पहिलें पाणी त्यांतूनच वाट काढतें.

२ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील मातीचें धरण फुटून वीसांहून अधिक माणसें वाहून गेलीं. गळतीची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केली होती. पुढें मंत्रिमहोदयांनीं दोष खेकड्यांवर टाकला! खेकडे बिळें पाडतात हें खरें. पण बीळ बुजविणें हें कांहीं खेकड्याचें काम नव्हे.

सांडव्यांत वाळूचीं पोतीं रचून हातभर पाणी अधिक अडविण्याची चाल आम्हीं स्वतः पाहिली आहे. ती सर्वांत घातक होय. मातीच्या माथ्यावरून पाणी वाहूं लागलें म्हणजे भराव पाहतां पाहतां कापला जातो. सांडवा बांधाच्या बाजूस कठीण जमिनींत खोदलेला, रुंद व मोकळा असावा. भरावावर बाभळी वाढूं देऊं नयेत. पायथ्याशीं स्वच्छ पाझर असेल तर त्यावर रोज नजर ठेवावी. तो गढूळ झाला कीं आंतील माती निघूं लागली असें समजून तळ्यांत येणारें पाणी बंद करावें, सांठा उतरवावा, आणि त्याआधीं खालच्या घरांस उठवावें. त्यासाठीं तेथील एका तरी माणसाचा मोबाईल क्रमांक मालकाजवळ असलाच पाहिजे. भाऊबंदकीचा दावा चालूं असला तरीही.