पायरीशी थांबलेले प्रेम

आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी फलटण, बरड मागे टाकून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्यास मुक्काम करते. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. ते पाहून आपण समाधानाने म्हणतो, ‘पाहा, वारीत कोठे आहे भेद?’ दिवाळीच्या फराळाबरोबर कडू बोल नकोत, हे खरे. पण या समाधानाचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे.

ही वाट शतकानुशतके चालत आली आहे. प्रेमाला तोटा कधीच नव्हता. तरीही अस्पृश्य ठरविलेला वारकरी पायांना फोड येईतो चालून पंढरीस पोहोचला, की महाद्वाराबाहेरच थांबे. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यास कोसळलेल्या भिंतीखाली गेले, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी राउळासमोर, बाहेर. त्यांचे अभंग साऱ्यांच्या ओठी, आणि त्यांची माणसे मात्र दाराशी! सहाशे वर्षे त्या प्रेमाने दाराची कडी हलली नाही. मग ते प्रेम खोटे होते काय? खोटे नव्हे, भित्रे होते.

कडी हलली ती धैर्याने. साने गुरुजी या दारासाठी महाराष्ट्रभर हिंडले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणास बसले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हा १० मे रोजी ते सुटले. पण गुरुजींचा गौरव करताना आपण सोयीने एक गोष्ट विसरतो. त्यांच्या वीस वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्यांनी मार खाल्ला होता, आणि डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांचे हात आवरले होते. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह चालला. दार उघडले नाही. अखेर १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. उशिरा मिळालेला न्याय घ्यावयास माणसे दाराशी थांबतातच असे नाही.

चालण्याची थोरवी वारकऱ्यास कोणी सांगावी? अमेरिकेतील माँटगोमेरी गावी काळ्या लोकांनी १९५५ साली बसवर बहिष्कार घातला आणि ३८१ दिवस अनेकांनी पायपीट केली. त्यांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग प्रेमाचीच भाषा बोलत. पण हक्क मिळेपर्यंत बसमध्ये पाय ठेवावयाचा नाही, हाही त्या प्रेमाचाच भाग होता.

कोणी म्हणेल, ‘आता कायदा आहे, जुने का उकरता?’ कायदा आहे खरा. १९५५ साली अस्पृश्यता हा दंडनीय गुन्हा ठरला. १९७६ साली त्याच कायद्यास नागरी हक्क संरक्षणाचे नाव मिळाले. पण कायदा देवळाचे दार उघडतो. माजघराचे कोण उघडणार? वारीत ज्याच्या पायांना हात लावला, त्याच्या घरी आपली मुलगी द्यावयाची वेळ आली, की आपली समता कोणत्या मुक्कामावर राहते? मुलीने स्वतःच तसा जोडीदार निवडला, तर चारचौघांत तिच्या पाठीशी उभे राहणारे बाप आपल्यात किती?

लेकीवर प्रेम सारेच करतात. त्या प्रेमाला भावकीपुढे उभे राहण्याचे धैर्य नसेल, तर तेही पायरीशीच थांबले. दारात पणत्या खुशाल लावाव्या. मात्र त्या उजेडात कोणाला बाहेर उभे केले आहे, तेही पाहावे आणि त्याला हाताला धरून आत आणावे.