गटार तपासा, पण लपवाल तर खबरदार : 7 जूनची मुदत

कोल्हापूर महापालिकेचे आयुक्त, जिल्हाधिकारी, आरोग्य खातं आणि आमच्या गटारातला नमुना न्यायला निघालेली प्रत्येक प्रयोगशाळा, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. याला निवेदन समजून फायलीला लावू नका. पंचगंगा नदीसाठी आम्ही आजवर इतकी निवेदनं दिली आहेत की त्यांच्या पोचपावत्यांचीच एक फाईल झाली आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं देशातल्या 50 शहरांत सांडपाण्यातून 10 विषाणूंवर लक्ष ठेवण्याचं जाहीर केलं आहे. कोल्हापूरची पाळी आज येवो की उद्या, नमुन्याची पहिली बाटली भरण्याआधी आमच्या अटी ऐकून घ्या.

आधी एक गैरसमज दूर करतो. सांडपाणी तपासायला आमचा विरोध नाही. मुंबईत 2001 पासून गटाराच्या पाण्यात पोलिओचा विषाणू शोधला गेला. पोलिओ झालेल्या बहुतेक मुलांना लकवा होतच नाही, पण विषाणू त्यांच्या विष्ठेतून बाहेर पडत राहतो. म्हणजे दवाखान्याला जे दिसत नव्हतं ते गटाराला दिसत होतं. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्याला पोलिओमुक्तीचा दाखला दिला. त्या दाखल्यात मुंबईच्या मैल्याचाही वाटा आहे. पुण्यातही कोरोनाच्या काळात शास्त्रज्ञांनी सांडपाण्याचे नमुने तपासले. हे शास्त्र खरं आहे आणि आम्हाला ते हवं आहे.

आमचं भांडण तपासून गप्प बसण्याशी आहे. आणि गप्प बसण्याचा तुमचा इतिहास आम्हाला पाठ आहे. पंचगंगेचं पाणी काय कमी वेळा तपासलं? तेरवाड बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच पडला की प्रदूषण मंडळाची माणसं येतात, बाटल्या भरतात, पंचनामा होतो, नोटीस निघते. पुढच्या वर्षी पुन्हा मासे, पुन्हा बाटल्या. जयंती नाल्यावरची वीज गेली की सांडपाणी उपसणारा पंप थांबतो, नाल्याच्या बंधाऱ्यावरून मैला उसळून थेट नदीत जातो, आणि खाली रुकडी, इचलकरंजी, शिरोळ ते नृसिंहवाडीपर्यंतची माणसं त्याच नदीच्या काठावर राहतात.

इचलकरंजीचा 2012 चा उन्हाळा आठवा. काविळीनं घरंच्या घरं आडवी झाली, माणसं दगावली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. दूषित पाण्यातून येणाऱ्या या काविळीत, म्हणजे हेपटायटिस ई मध्ये, लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात आणि डोळे पिवळे पडण्याआधीच विषाणू विष्ठेतून बाहेर पडू लागतो. सातव्या-आठव्या महिन्यातल्या गरोदर बाईला हा आजार झाला तर तिच्या जिवावर बेततं. आता विचार करा. तुमच्या फ्रीजमध्ये पॉझिटिव्ह नमुना आहे, अहवाल टेबलावर आहे, आणि ‘लोकांत घबराट नको’ म्हणून तो दाबून ठेवला आहे. तिकडे ती बाई नळाचं पाणी न उकळता पिते आहे. पाणी उकळून प्या, एवढं एक वाक्य वेळेत सांगितलं असतं तर ती वाचली असती. ते दडवणाऱ्याला आम्ही निष्काळजी म्हणणार नाही, त्याहून जड शब्द वापरू.

म्हणून पहिली अट. अहवाल हाती आल्यापासून 48 तासांत तो मराठीत जाहीर झाला पाहिजे. महापालिकेच्या फलकावर, वॉर्ड ऑफिसात आणि नदीच्या खालच्या अंगाच्या प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीत. सोबत काय करायचं आणि तुम्ही काय करताय, तेही. नुसता ‘सीटी व्हॅल्यू’चा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चाचणीचा, आकडा लोकांच्या तोंडावर फेकणं म्हणजे माहिती देणं नव्हे.

दुसरी अट यापेक्षा नाजूक आहे आणि कोल्हापूरकरालाच ती नीट कळेल. कसबा बावड्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची क्षमता 76 एमएलडी आहे, म्हणजे दिवसाला साडेसात कोटी लिटरच्या वर सांडपाणी. त्याच्या तोंडाशी एक लिटर काढलं तर त्यात निम्मं शहर असतं, कुणाचं नाव नसतं. पण नमुना जसजसा वर, गल्लीच्या चेंबरपर्यंत, वसतिगृहाच्या पाइपपर्यंत सरकतो, तसतशी त्यात माणसं दिसू लागतात. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठानं ऑगस्ट 2020 मध्ये एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात कोरोना सापडल्यावर तिथल्या 311 जणांची चाचणी घेतली आणि दोन बाधित शोधून काढले. तिथे ते उपयोगी ठरलं. आपल्याकडे? राजर्षी शाहूंनी 1901 पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली. त्या काळी पोरांना शिकवायचा तोच मार्ग होता आणि त्याचं ऋण हे शहर फेडू शकणार नाही. पण आज दसरा चौकाच्या आसपासच्या एखाद्या बोर्डिंगच्या पाइपातला नमुना म्हणजे सरळ एका समाजाचा नमुना. पेठांचं आणि गल्ल्यांचंही थोड्याफार फरकानं तेच. जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून हे शहर पेटलं होतं. उद्या ‘अमक्या गल्लीत रोग सापडला’ असा एक मेसेज फिरला तर त्या गल्लीतल्या भाजीवालीचा धंदा कोण भरून देणार? पोरींना शाळेत कोण शेजारी बसवून घेणार?

तेव्हा काही हजार घरांहून लहान वस्तीचा नमुना तिथल्या लोकांना सांगितल्याशिवाय घ्यायचा नाही. घेतलाच तर जाहीर करताना वॉर्डाच्या खाली जायचं नाही. नवा डिजिटल माहिती संरक्षण कायदा इथे कामाचा नाही, कारण तो ओळखता येणाऱ्या एकट्या व्यक्तीच्या माहितीपुरता आहे, गल्लीच्या अब्रूपुरता नाही. आणि 1897 चा साथरोग कायदा सरकारनं काय करावं ते सांगतो, लोकांना काय सांगावं याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर घरात घुसले होते आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट पोलिसांची. युरोपात शहराशहरांच्या सांडपाण्यातून कोकेन मोजून दरवर्षी आकडे छापले जातात. ऑस्ट्रेलियात तर अशी तपासणी गुन्हे गुप्तवार्ता आयोगच करवून घेतो. इथे रोगासाठी घेतलेला नमुना पोलीस ठाण्यात, विमा कंपनीत किंवा औषध कंपनीत गेला, तर तो आमच्या शौचालयात परवानगीशिवाय घुसण्याचा प्रकार समजला जाईल. कागदावर लिहून द्या की जाणार नाही.

शेवटची अट त्या माणसाची, ज्याचं नाव कुठल्याच शोधनिबंधावर येत नाही. झाकण उघडून, दोरीला बाटली बांधून, उग्र वासात वाकून नमुना काढणारा तो माणूस. पोलिओचा दाखला मिळाला त्याच दिवशी, 27 मार्च 2014 ला, गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्या असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. म्हणजे माणसं मरायची थांबली नव्हती. हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा सफाईबद्दल आहे, नमुन्याबद्दल नाही, अशी पळवाट कुणी काढू नये. मॅनहोलमध्ये एकही माणूस उतरता कामा नये. यंत्र लावा, ते परवडत नसेल तर वरून काढा. हातमोजे, गमबूट, लस आणि त्या कामाचा वेगळा पगार द्या. ठेकेदाराकडे बोट दाखवू नका, ठेका तुम्हीच दिलेला असतो.

या चारही गोष्टी लेखी, ठरावासह, मृग निघण्याआधी म्हणजे 7 जूनपर्यंत जाहीर व्हाव्यात. पहिल्या पावसात नाले तुंबतात, मैला आणि पिण्याचं पाणी एक होतं, त्यानंतरच्या बैठका आम्हाला नकोत.

8 जूनला सकाळी माहितीच्या अधिकाराचे अर्ज वॉर्डावॉर्डांतून दाखल होतील. त्याच दिवशी जयंती नाल्याच्या पंपिंग स्टेशनवर ठिय्या बसेल आणि आमच्या चेंबरचं झाकण आमच्या परवानगीशिवाय कुणालाही उघडू दिलं जाणार नाही. तरी नमुने गुपचूप गेले तर न्यायालयात जाऊ, आणि त्यासाठी आता मुंबईची गाडी पकडावी लागत नाही, ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच इथेच आहे. या गावानं टोल भरायला नकार दिला होता आणि टोलनाके उठवूनच दम घेतला, हे नव्यानं बदलून आलेल्या साहेबांना जुन्या कारकुनांनी सांगून ठेवावं.

उत्तर सही-शिक्क्याचं हवं. फोनवरचं ‘बघतो’ धरलं जाणार नाही.