खबर फक्त मय्यतीचीच का?

राज्य सरकारने 2 ऑगस्ट 2021 ला बहुतेक जिल्ह्यांवरचे निर्बंध सैल केले. मागे राहिलेल्या 11 जिल्ह्यांत सातारा आणि सांगली ही दोन्ही नावं होती. म्हणजे आपल्याकडे दुकानं तेव्हाही दुपारी चारला बंद होत होती आणि शनिवार-रविवार बाजार ओस पडत होते. याने व्यापारी वैतागले होते, त्यांची निवेदनं आणि आंदोलनं बातम्यांत होती. पण या बंदीची सगळ्यात लांब शिक्षा भोगणारा एक वर्ग होता, तो आंदोलन करत नव्हता. तो आपल्याच घरात आतल्या खोलीत बसलेला होता.

आपले म्हातारे लोक मार्च 2020 पासून ऑगस्ट 2021 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 17 महिने, आपल्या रोजच्या जागेला मुकले होते. कुणाची ती जागा ज्येष्ठ नागरिक संघाची खोली होती, कुणाची नगरपालिकेच्या बागेतलं विरंगुळा केंद्र, कुणाची मशिदीत वजूखान्याजवळचा कट्टा, कुणाची एसटी स्टँडसमोरची चहाची टपरी. 16 नोव्हेंबर 2020 ला प्रार्थनास्थळं उघडली तेव्हाही 65 वर्षांवरच्यांनी घरीच थांबावं अशी सूचना होती. मग एप्रिल 2021 मध्ये सगळंच पुन्हा बंद झालं. आपण मधल्या काळात बाहेर पडलो, कामाला लागलो, मित्रांना भेटलो. त्यांच्यासाठी मात्र दार एकदा बंद झालं ते नीट उघडलंच नाही.

ही बंदी चुकीची होती असं आम्ही म्हणत नाही. या आजाराने सर्वात जास्त बळी घेतले ते याच वयाचे. केंद्रं लगेच उघडा, अशी आमची मागणीही नव्हती. आमचा मुद्दा वेगळा आहे. इमारत बंद करताना तिथे काय काय चाललं होतं, याचा विचार कुणी केला नाही.

विरंगुळा केंद्रात काय चालतं? बाहेरून पाहिलं तर चार म्हातारे पेपर वाचतात, दोघे कॅरम खेळतात. पण तिथे रोज एक अलिखित हजेरी लागते. एखादा सलग दोन दिवस आला नाही की तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या दारात जातो. श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा झाले का, हयातीचा दाखला कधी द्यायचा, कोणत्या डॉक्टरची फी कमी आहे, कोणत्या दुकानात रक्तदाबाची गोळी स्वस्त मिळते, हे सगळं तिथेच कळतं. मशिदीतही तेच. फजरच्या जमातीत रोजचा माणूस दिसला नाही तर नमाजनंतर विचारणा होते. खोलीला टाळं लागलं तशी ही विचारपूसही थांबली. खोली बंद ठेवणं भाग होतं, पण विचारपूस थांबवा असं कोणत्याच आदेशात लिहिलेलं नव्हतं.

आता आपल्या समाजाकडे पाहू. मय्यतीची खबर देण्याची आपली व्यवस्था फार चांगली आहे. इंतकाल झाला की भोंग्यावरून सांगितलं जातं, मोहल्ल्याच्या ग्रुपवर मेसेज येतो, जनाजा किती वाजता आणि कोणत्या कबरस्तानात हे तासाभरात सगळ्या गावाला कळतं. गुस्ल कोण देणार, कफन कुठून येणार, कबर कोण खोदणार, सगळं ठरलेलं असतं. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या तरुणांनी हे काम जिवावर उदार होऊन केलं, त्यांना सलाम. पण त्याच दोन महिन्यांत घरात बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचणारी एकमेव खबर मय्यतीची होती. फोन वाजला की कोण गेलं, एवढाच प्रश्न. जिवंत माणसाची खबर घेण्याची आणि त्याला खबर देण्याची व्यवस्था मात्र आपल्याकडे नाही.

तिची गरज किती आहे हे जुलै 2021 ने दाखवून दिलं. 21 तारखेला बकरी ईद झाली आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत पाऊस कोसळला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खचून घरं गाडली गेली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 50 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2019 च्या महापुरातून जेमतेम सावरलेल्या गल्ल्यांत पुन्हा पाणी शिरलं. लोक नातेवाइकांकडे, शाळांत, मंगल कार्यालयांत हलले. अशा वेळी कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे, कोण एकटं आहे, हे आधीपासून लिहून ठेवलेलं असतं तर किती धावपळ वाचली असती! मग पाणी ओसरलं आणि पंचनामे सुरू झाले. सरकारने 3 ऑगस्टला 11,500 कोटींची मदत जाहीर केली. पण पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा दारात माणूस हवा, हातात कागद हवेत. पुण्याला लेकाकडे हलवलेल्या म्हाताऱ्याला हे कोण कळवणार?

यावर आपल्यातले अनेक तरुण लगेच म्हणतील, एक ॲप बनवू. सॉफ्टवेअर बनवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून सांगतो, ॲप नको. ज्यांच्यासाठी हे करायचं, त्यांतल्या बहुतेकांकडे तेव्हा बटणांचा फोन होता, किंवा घरात मिळून एकच स्मार्टफोन होता आणि तो नातवाच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला होता. कोविनवर नोंदणी करताना ओटीपी येईपर्यंत त्यांची काय दमछाक झाली ती आपण पाहिली. त्यांना वापरता येणारं तंत्रज्ञान एकच, वाजणारा फोन. आणि आपल्याला लागणारं साधन एकच, दोनशे पानी वही.

वहीत काय लिहायचं? नाव, वय, गल्ली, फोन नंबर. घरात आणखी कोण असतं. रोजची औषधं कोणती, ती किती तारखेला संपतात. लशीचा पहिला डोस कधी झाला, दुसरा कधी येतो. पेन्शन किंवा श्रावणबाळचे पैसे कोणत्या बँकेत येतात. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर सोबत कोण जाईल. बस्स.

मग वाटणी. एका तरुणाकडे किंवा तरुणीकडे सात म्हातारी माणसं. आठवड्यातून दोन फोन, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. असरनंतरची वेळ चांगली. वेळ ठरलेली हवी, कारण ज्याच्या दिवसात काहीच घडत नाही, त्याला मंगळवारी पाच वाजता कुणीतरी बोलणार आहे हे माहीत असणंही मोठी गोष्ट आहे. फोन दोनदा उचलला नाही तर त्याच संध्याकाळी कुणीतरी मास्क लावून दारापर्यंत जायचं. फोन करणारा स्वतः आजारी पडला तर त्याच्या सात जणांना कोण सांभाळेल, हे आधीच ठरवायचं. हा एवढा नियम नसेल तर दुसऱ्या महिन्यात सगळं बारगळतं.

काही पथ्यंही पाळायला हवीत. नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा. त्याने नको म्हटलं तर नको. वही एकाच जबाबदार माणसाकडे राहील, तिचा फोटो काढून कोणत्याही ग्रुपवर टाकायचा नाही. फोनवर आधार नंबर, खात्याचा नंबर, ओटीपी कधीही विचारायचा नाही, आणि असं विचारणारा आपला माणूस नव्हे, हेही त्यांना बजावून सांगायचं. म्हाताऱ्यांना फोनवरून लुबाडणारे या काळात कमी नाहीत.

आता एक अवघड गोष्ट. जमातीच्या वह्या असतात, पण त्यात घराच्या नावाने खातं असतं आणि खातेदार पुरुष असतो. मशिदीतून यादी काढली तर दादी-नानी त्यात येणारच नाहीत. विरंगुळा केंद्रातही बायका कमीच. त्यांचं केंद्र म्हणजे शेजारणीचा उंबरा, नळाची रांग, मिलादची मैफल, मिरजेच्या दर्ग्यावरची जुमेरात. तेही बंद झालं, पण ते कधी केंद्र म्हणून मोजलंच नव्हतं, त्यामुळे बंद झाल्याची नोंदही झाली नाही. त्यात विधवा आजी असेल तर घर भरलेलं असूनही तिच्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो. म्हणून ही यादी मशिदीच्या दारातून नव्हे, घरोघरी जाऊन करायची, आणि ती करणाऱ्यांत निम्म्या मुली असायला हव्यात. आजी आपलं खरं दुखणं नातवाच्या वयाच्या मुलाला सांगणार नाही.

आणि यादी गल्लीची असू द्या, फक्त आपल्या लोकांची नको. याला कारण आहे. मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात सौदीहून परतलेल्या एका कुटुंबातले चौघे बाधित निघाले आणि मग त्यांच्या संपर्कातले वीसेक जण. ते बरे झाले, पण तोवर त्यांच्या आजाराची चर्चा संपूर्ण समाजाच्या चारित्र्याची चर्चा झाली होती. त्यात निजामुद्दीनच्या मरकजची भर पडली. तबलिगींना बळीचा बकरा बनवलं गेलं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 च्या निकालात सांगितलं, पण तो निकाल आपल्या म्हाताऱ्यांपर्यंत कितीसा पोचला? त्यांनी एवढंच शिकून घेतलं की आजार म्हणजे बदनामी. ताप लपवणं, दवाखान्याला भिणं, लशीबद्दलच्या अफवांवर विश्वास ठेवणं, यामागे ही धास्तीही होती. ओळखीच्या आवाजाचा फोन ती धास्ती कमी करतो. आणि तोच फोन शेजारच्या एकट्या काकूंनाही गेला, तर गल्लीतला संशय कमी करण्याचं काम कोणत्याही पत्रकापेक्षा जास्त होईल. कडेगावच्या ताबुतांना दोन्ही समाजांचे हात लागतात, हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही.

पैशाची अडचण आपल्याला नाही. शेजारच्या इचलकरंजीत 2020 च्या रमजानमध्ये मुस्लिम समाजाने 36 लाख रुपये उभे केले आणि आयजीएम रुग्णालयात 10 खाटांचा अतिदक्षता विभाग ईदच्या दिवशी सुरू झाला. आपल्याला सवय नाही ती आठवड्याला एक तास, न चुकता देण्याची. जकात वर्षातून एकदा निघते, हा तास दर आठवड्याला काढावा लागेल.

फोनवर बोलायचं काय? कामाचं आधी. ऑगस्ट 2021 मध्ये कोविशिल्डचा पहिला डोस घेतलेल्यांना दुसरा 12 ते 16 आठवड्यांत घ्यायचा होता. अशा वेळी तारीख काढून सांगा, सोबत कोण जाईल ते ठरवा. चालता न येणाऱ्यांची वेगळी यादी करा. मुंबईत महापालिकेने 30 जुलै 2021 पासून अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस द्यायला सुरुवात केली. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडे आणि सातारा नगरपालिकेकडे तीच मागणी करायची तर हातात नावांचा आकडा हवा होता. तो आकडा वहीतूनच आला असता.

कामाचं झालं की बिनकामाचं बोला.  कुणाची नात पास झाली, कुणाकडे बाळ आलं, कोण दवाखान्यातून बरं होऊन घरी परतलं, हे सांगा. आणि त्यांना विचारा. ज्यांनी 1967 चा कोयनेचा भूकंप आणि 1972 चा दुष्काळ काढला, त्यांच्याकडे संकटाबद्दल सांगण्यासारखं आपल्यापेक्षा जास्त आहे. जमेल त्यांना कामही द्या. निवृत्त शिक्षक, कंडक्टर, शिवणकाम करणारी खाला, यांतला प्रत्येक जण रोज दोघांना फोन करू शकतो. संघाचे सभासद संघ बंद असतानाही सभासदच असतात. ते एकमेकांना शोधू लागले तर आपलं निम्मं काम संपतं.

कुणी म्हणेल, घरात मुलं-सुना आहेत की, बाहेरच्यांनी कशाला विचारायचं? आई-वडिलांविषयीची शिकवण आपल्या सगळ्यांना पाठ आहे, आणि त्यांना घरात ठेवलं की ती पाळली असं आपण धरून चालतो. पण जेवण-औषध मिळणं आणि कुणीतरी आपली वाट पाहत असणं, या दोन वेगळ्या गरजा आहेत. दुसरी गरज घराबाहेरचीच माणसं भागवत होती, म्हणून तर अब्बा रोज संध्याकाळी कट्ट्यावर जात होते.

 आपल्या गल्लीत फिरा आणि पहिली दहा नावं लिहा. त्यातली किमान पाच बायकांची असू द्या. दहा नावांसाठी दोन माणसं पुरतात. महिन्याभराने तुमच्या वहीत काय जमलं, काय फसलं, ते आम्हाला मराठीत किंवा हिंदीत लिहून पाठवा. पुढच्या मोहल्ल्याला त्याचा उपयोग होईल. आणि केंद्रं उघडली म्हणून वही बंद करू नका, कारण जिना उतरता न येणारे तेव्हाही घरातच असतात.