गायलेली कविता : चाल हेही एक वाचन

पोलिश भाषेत 'पोएझ्या श्पेवाना', म्हणजे शब्दशः 'गायलेली कविता', असा एक गानप्रकार रूढ आहे. मराठी वाचकाला 'भावगीत' हा पर्याय चटकन सुचेल. पण तो फसवा आहे. भावगीत बहुधा मुळातच गेय असलेली रचना स्वीकारते. येथे संगीतकार अनेकदा गेयतेला दाद न देणारी कविता हाती घेतो. तिची चाल हे त्या कवितेचे भाष्यच असते, असे आमचे मत आहे.

मिरोन ब्यावोशेव्स्की यांची जत्रेतल्या फिरत्या पाळण्यावरची कविता पाहावी. झिग्मुन्त कोन्येच्नी यांनी तिला दिलेली गरगरती चाल एवा देमार्चिक यांनी १९६३ साली ओपोलेच्या पहिल्या गीतमहोत्सवात गायिली. त्या गाण्यात स्वरांइतकीच व्यंजनेही ऐकू येतात. शब्द एकमेकांवर आदळतात, श्वासाला उसंत मिळत नाही. छापील पानावर जी शब्दक्रीडा वाटते, तिच्यातली भोवळ येथे कळते. वर्गात एवढे समजावण्यास आम्हांस एक तास पुरत नाही!

ही दोघे क्राकूवच्या 'पिव्नित्सा पोद बारानामी' या तळघरातल्या कॅबरेची. तो १९५६ साली सुरू झाला. स्टालिनी काळात संशयास्पद ठरलेले जाझ त्याच वर्षी सोपोतच्या महोत्सवात उजळ माथ्याने वाजले.

लोकसंगीत आणि जाझ यांचा मेळ मात्र केवळ वातावरणाने साधला नसावा. मझुरकाच्या तीन मात्रांत आघात पहिल्या मात्रेवरून पुढच्या मात्रांवर सरकतो. असा सरकता आघात ज्या कानात मुरला आहे, त्याला जाझची लय परकी वाटण्याचे कारण नाही. झ्बिग्न्येव नामिस्वोव्स्की यांनी तर 'कुयाव्याक गोज फंकी' (१९७५) या वाद्यरचनेच्या नावातच लोकनृत्याला फंकशी जोडले. लोकधून मात्र ठरावीक मापाची ओळ मागते. मुक्तछंद तिच्यात मावत नाही. तेथे जाझ उपयोगी पडते, कारण त्याला कडव्याची अट नसते.

म्हणूनच व्हायोलिनची गावरान धून व सॅक्सोफोन शेजारी ठेवून मध्ये एखादी प्रतिष्ठित कविता पेरणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. तशा गाण्यात कविता निमित्तमात्र उरते. याउलट २००९ साली क्राकूवमध्ये शिम्बोर्स्का स्वतः कविता वाचत होत्या आणि तोमाश स्तान्को ट्रम्पेटवर उत्स्फूर्त वाजवत होते. तेथे कोणीच गात नव्हते, तरी कविता तेथे अधिक ऐकली गेली.