थाळी १० रुपयांची, उधारी लाखांची

आपण नेहमी गिऱ्हाइकाकडची उधारी कशी वसूल करायची यावर बोलतो. आज जरा वेगळी उधारी बघू. इथं गिऱ्हाईक रोख १० रुपये देतं, उधारी राहते ती सरकारची.

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. जेवणारा १० रुपये देणार आणि सरकार केंद्रचालकाला शहरात थाळीमागे ४०, ग्रामीण भागात २५ रुपये देणार. कोरोनात दर ५ रुपयांवर आणला, २०२१ मध्ये काही महिने थाळी मोफतही दिली. योजना चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही.

आता वही काढा. शहरातलं रोज १०० थाळ्यांचं केंद्र धरा. गल्ल्यात रोज १,००० रुपये येतात, सरकारकडं ४,००० रुपये लागतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर १ लाख. सहा महिने बिल आलं नाही तर ६ लाख! गॅस, तेल, डाळ, आचाऱ्याचा पगार मात्र थांबत नाही. २०२५ मध्ये राज्यात अनेक केंद्रचालकांची बिलं कित्येक महिने थकल्याच्या बातम्या आपण वाचल्या. हे चालक कोण? खानावळवाले, बचत गटाच्या ताई. म्हणजे गरिबाचं जेवण सरकारी तिजोरीवर नाही, तर या लोकांच्या किराणा उधारीवर चाललं होतं.

तुम्ही म्हणाल, पैसे नसतील तर सरकार तरी काय करणार? पण बघा, त्याच वर्षी रेशनचं धान्य सुरू राहिलं. कारण ते २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात आहे. धान्य दिलं नाही तर त्याबदल्यात भत्ता द्यावा लागेल, असं त्या कायद्याचं कलम ८ सांगतं. 'आनंदाचा शिधा' मात्र शासन निर्णयावर चालणारा. २०२५ च्या दिवाळीत तो मिळाला नाही. जे कायद्यात नाही, ते पैशाची ओढाताण झाली की आधी कापलं जातं.

आणि नुसता कायदाही पुरत नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस सरकारी खर्चाची मंजुरीच अडकली. तिथं तेव्हा सुमारे ४ कोटी २० लाख लोकांना कार्डावर अन्नासाठी मदत मिळत होती. योजना कायद्यातली, तरी नोव्हेंबरमध्ये अनेकांचे पैसे लटकले. म्हणजे हक्क कागदावर पाहिजे आणि त्याच्यासाठी पैसे आधीच बाजूला काढलेले पाहिजेत. दोन्ही लागतं.

माझं मत सरळ आहे. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, नाहीतर व्याज भरायचं, असा कायदा आपल्याकडं २००६ पासून आहे. शिरोली एमआयडीसीत दुकान चालवताना आम्ही मोठ्या कारखान्यांना हाच नियम दाखवतो. सरकारनं थाळीच्या अनुदानालाही तोच नियम लावावा. 'ते अनुदान आहे, खरेदी नाही' ही पळवाट नको. केंद्राला एका महिन्याचा ॲडव्हान्स द्यावा आणि तो दर महिन्याच्या बिलातून वळता करून पुन्हा भरावा. वर्षभराची पूर्ण तरतूद मार्चच्या बजेटमध्येच करावी. अर्धी आत्ता आणि उरलेली पुरवणी मागणीत, असं चालणार नाही.

खर्च वाढेल का? थाळीचा दर तोच राहतो, फक्त पैसे वेळेवर येतात. उशिरा पैसे मिळणारा चालक काय करतो, हे धंदा करणाऱ्याला सांगायला नको. वरण पातळ होतं, थाळ्या कमी होतात, शेवटी शटर खाली येतं. फौंड्रीतल्या ठेकेदाराकडच्या कामगाराला मग वडापाववर दिवस काढावा लागतो. उपाशी माणूस भट्टीसमोर आठ तास कसा उभा राहील?

तुमच्यापैकी कुणी असं केंद्र किंवा सरकारी कँटीन घ्यायच्या विचारात असाल तर तीन गोष्टी करा. तीन महिन्यांचं खेळतं भांडवल हातात असल्याशिवाय सही करू नका. या कामाचं बँक खातं वेगळं ठेवा. बिल दर महिन्याला द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

आणि निवडणुकीत कुणी नवीन अन्न योजना जाहीर केली, तर टाळी वाजवायच्या आधी एवढंच विचारा: "साहेब, याचं बिल किती दिवसांत मिळणार?"