साडी कापली तर काय बिघडलं?

मागच्या महिन्यात आमच्या घरी एका साडीवरून दोन दिवस अबोला होता. विषय घरगुती आहे, पण हिमायतनगर, नारायणगुडा, काचीगुड्यातल्या कितीतरी मराठी घरांतल्या मुली कुचिपुडी नाहीतर भरतनाट्यम शिकतात. आज ना उद्या तुमच्याकडेही हा प्रसंग येणार, म्हणून लिहितेय.

नातीचा डिसेंबरात रवींद्र भारतीला कार्यक्रम आहे. सूनबाईंनी ड्रेस भाड्याने आणायचं ठरवलं. मी म्हटलं, "कपाटातली सासूबाईंची गद्वाल घ्या आणि तिचा ड्रेस शिवा." सून नुसती बघतच राहिली. "आई, गद्वाल कापायची?" धाकट्या जाऊबाईंना कळलं तेव्हा त्यांचा पुण्याहून फोन. "वहिनी, एवढी एकच तर आठवण राहिलीय सासूबाईंची. तिला कात्री लावणार?"

हो, लावणार. का ते सांगते.

१९७४ साली मी अकरा वर्षांची होते. तेव्हाही आम्ही हिमायतनगरातच, उर्दू हॉलच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. माझा कुचिपुडीचा पहिला कार्यक्रम ठरला. ड्रेससाठी नवं कापड घ्यायची ऐपत नव्हती. आईने ट्रंकेतून तिची मोतिया रंगाची, लाल काठाची गद्वाल काढली. आजी म्हणाली, "अगं, लग्नातली आहे ती!" आई म्हणाली, "पेटीत कुजण्यापेक्षा पोरीच्या अंगावर फाटू दे." आजी चार दिवस तिच्याशी बोलली नाही. (आमच्या घराण्यात साडी आणि अबोला यांचं नातं जुनं आहे.)

रिक्षाने आम्ही सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या टेलरमास्तरांकडे गेलो. फ्रॉकचं माप घेतात तसं उभं करून माप घेतील असं मला वाटलं. मास्तर म्हणाले, "अम्मा, बच्ची कू आधा बिठाओ." म्हणजे गुडघे बाहेर काढून अरमंडीत बसायचं. तशी बसवून त्यांनी कमरेपासून खाली माप घेतलं, मग पाय लांबवायला लावून पुन्हा घेतलं. "खड़े का ड्रेस सब सीते, नाच का ड्रेस बैठे का सीना पड़ता," म्हणाले. नाचाच्या पोशाखाबद्दल यापेक्षा शहाणं वाक्य मी नंतर कुणाकडून ऐकलं नाही, आणि ते सांगणारे मास्तर स्वतः नाच बघायला कधी गेले असतील असं वाटत नाही.

या पोशाखाची सगळी मजा पुढच्या पंख्यात आहे. उभं राहिलं की निऱ्या मिटून गप्प बसतात. अरमंडीत बसलं की दोन गुडघ्यांच्या मध्ये त्या एकदम उघडतात आणि काठाची अर्धी कमान दिसते. तो पंखा उघडला तरच मागे बसलेल्या माणसाला कळतं की मुलगी खरंच खाली बसलीय. आणि इथे गद्वालची करामत आहे. अंग सुती, काठ आणि पदर रेशमी, आणि ते वेगवेगळे विणून एकमेकांत गुंफलेले. सूत घाम पितं, निरी धरून ठेवतं. रेशमी काठाला वजन असतं, त्यामुळे पंखा उघडला की खाली नीट पडतो. फडफडत नाही.

आता भाड्याचा ड्रेस बघा. मागच्या वर्षी एका दुकानातून आणला होता. पॉलिएस्टरचा, चकचकीत, कमरेला इलॅस्टिक, पाठीला चिकटपट्टी. कुणाही उंचीच्या मुलीला यावा म्हणून बेतलेला, म्हणजे कुणालाच धड न बसणारा. पंखा अर्धाच उघडत होता. घरी आल्यावर पोरीच्या मानेवर लाल पुरळ. फोटो मात्र झकास आले, हे मान्य केलं पाहिजे.

"शिवलेला पोशाख परंपरेत बसतो का," असंही जाऊबाईंनी विचारलं. मंडळी, हा शिवलेला पोशाख मुळात शंभर वर्षांचाही नाही. १८८० साली सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या राजघराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झालं. लग्नाबरोबर तंजावरच्या नर्तकी बडोद्याला आल्या. त्या काळच्या नर्तकी पायजम्यावर साडी नेसूनच नाचायच्या. पुढे १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल अड्यारला रंगमंचावर आल्या आणि त्यांनी पोशाख नव्याने बेतला. त्या आधी बॅले शिकल्या होत्या, अॅना पावलोवाच्या मंडळातल्या क्लिओ नॉर्डीकडे. आपल्या देशातलं नृत्य शोधा, असं पावलोवानेच त्यांना सुचवलं होतं म्हणतात.

पोशाखाला कात्री लागली म्हणून बोंब बॅलेमध्येही झालीच होती. अठराव्या शतकात पॅरिसच्या मारी कामार्गोने झगा घोट्याच्या वर नेला, कारण पायांचं काम लोकांना दिसेना. लोक खवळले. पुढे तोच झगा आखडत आखडत जाळीचा, कमरेभोवती ताठ उभा राहणारा टुटू झाला. तिथे मांड्यांपासून पाय दिसायला हवा म्हणून कापड वर गेलं. आपल्याकडे बैठक दिसायला हवी म्हणून ते मध्ये दुमडलं गेलं. दोन्हीकडे आधी पायांनी मागणी केली, सौंदर्य मागून आलं.

पण याच कारणासाठी नऊवारीला मात्र मी कात्री लावू देणार नाही. नऊवारीचा काष्टा मुळातच नाचाला सोयीचा आहे. पाय मोकळे, गिरकी घेतली तरी काही सुटत नाही, टाका एकही नाही. आमच्या काकू दहा मिनिटांत नेसवायच्या. आता गणपतीच्या कार्यक्रमात मुली शिवलेली, चेनची नऊवारी पायजम्यासारखी चढवतात. नेसवता येणारी बाई घरात उरली नाही, हे त्याचं खरं कारण. नेसवायला शिका की! आणि पैठणी? तीही कापू नये. हे माझं मत आहे, कारण विचारू नका.

"पोर वाढेल, वर्षात ड्रेस आखूड होईल," हा सुनेचा मुद्दा बरोबर होता. त्यावर उपाय जुनाच आहे, शिवणीत माया ठेवायची. माझा ड्रेस मी चार वर्षं घातला, मग दोन मामेबहिणींनी.

शेवटी सूनबाईंनी स्वतःच सासूबाईंची गद्वाल काढली. मलमलीत गुंडाळलेली, वर्षानुवर्षं एकाच घडीत. उलगडली तर प्रत्येक घडीवर सूत विरलेलं. बोट लावलं तसं एका जागी फसकन फाटलं. दोघी गप्प बसलो. काठ मात्र धड होता.

मास्तर आता नाहीत, दुकान मुलगा चालवतो. त्याने विरलेला भाग वगळून तुकडे बेतले, खडूने खुणा केल्या. कमी पडलं तिथे त्याच रंगाचं सुती कापड आतून जोडलं. परवा फिटिंगला गेलो तर म्हणाला, "बैठो बेटा, आधा." नात अरमंडीत बसली आणि सासूबाईंचा हिरवा काठ पंख्यातून कमानीसारखा उघडला.

मी फोटो काढून पुण्याला जाऊबाईंना पाठवला. दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.