पाय ओढला की गंमत केली?



माझा एक भाचा पुण्याला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. धुळ्यात आयटीआय केले, पुढे डिप्लोमा केला आणि स्वतःच्या हिमतीवर तिथवर पोचला. आईबापांनी हमाली आणि शेतमजुरी करून शिकवलेले पोर. मे महिन्यात सुट्टीवर आला तो तोंड पाडूनच. जेवायला बसला की अर्धे ताट तसेच. बहीण मला म्हणाली, "दादा, तूच विचार त्याला. आम्हाला काही सांगत नाही."

विचारले. पुष्कळ वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, राजीनामा लिहून ठेवलाय. आमचा साहेब चारचौघांत मला सांगतो, मी तुझे पाय ओढत होतो. आणि वर हसतो."

"मराठीत म्हणाला?"

"नाही, साहेब बाहेरच्या राज्यातला आहे. इंग्रजीत म्हणाला. आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग."

कॉलेजात गेलेली काही मुले हे वाचून हसतील. त्यांनी जरा थांबावे. आपल्या मराठीत पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे. इंग्रजीत पाय ओढणे म्हणजे नुसती थट्टा करणे, काहीतरी खोटेच सांगून घटकाभर गंमत पाहणे. शब्द तेच, अर्थ मात्र पार वेगळा. त्या दिवशी झाले होते एवढेच, की साहेबाने सांगितले, येत्या रविवारी सगळ्या सुपरवायझरांची लेखी परीक्षा आहे. याचा चेहरा पडला. तो पाहून साहेब हसून म्हणाला, अरे, गंमत केली तुझी. आणि या पोराने त्या एका वाक्यावर तीन महिने काढले. साहेबाशी कामापुरते बोलणे, जेवणाच्या सुट्टीत वेगळे बसणे, शेवटी राजीनामा.

मला त्याचा राग आला नाही. ज्याच्या तीन पिढ्यांचे पाय खरोखरच ओढले गेले, त्याच्या कानाला हे वाक्य दुसरे कसे ऐकू येणार? आणि प्रत्येक साहेब गंमतच करतो असेही मी म्हणणार नाही. थट्टेच्या आडून जात काढणारे महाभाग आपण पाहिलेले आहेत. पण थट्टा कोणती आणि घाव कोणता, हे ओळखायचे तर ती भाषा आतून कळायला हवी. घाव असेल तर तिथल्या तिथे उत्तर देता येते. थट्टा असेल तर उगाच स्वतःची भाकरी लाथाडायला नको.

म्हणून या आठवड्यात इंग्रजीतल्या रोजच्या बोलण्याविषयी लिहायचे ठरवले.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झाले २००० साली. तेव्हा तिशीच्या पुढची आपली बहुतेक मंडळी पाचवीपासूनच इंग्रजीला लागलेली. शिकवायची रीत काय? एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी शब्द, आणि घोका. वाक्प्रचारांची यादी गाईडच्या शेवटी, दोन मार्कांसाठी. त्या यादीतले 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' अजून आमच्या पिढीला पाठ आहे. मुसळधार पाऊस म्हणजे कुत्री-मांजरे पडतात! खुद्द इंग्रज माणूस हल्ली हे बोलताना फारसे म्हणत नाही, तो साधे 'इट्स पोअरिंग' म्हणतो. म्हणजे आम्ही शिकलो ते कोणी बोलत नाही, आणि जे बोलतात ते आम्हाला कोणी शिकवले नाही.

यादी पाठ करण्यालाही माझा विरोध नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे इंग्रजी जगाने वाखाणले. त्याचा पाया सुभेदार रामजींनी घरी घातला. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला वडिलांनी आपल्याकडून कशी करून घेतली, हे बाबासाहेबांनी स्वतः सांगून ठेवले आहे. पण ते पाठांतर पेपरापुरते नव्हते. मराठीतल्या या बोलण्याला इंग्रजीत नेमके काय म्हणतात, हे शोधायची सवय त्या मुलाला लागली. पुढे तो मुलगा बॅरिस्टर झाला. ३१ जुलै १९३७ रोजी ते कोर्टाच्या कामासाठी आपल्या धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी ३१ जुलैला आपण तिथे जमतो. कोर्टात इंग्रजीत मुद्दा मांडणारे बाबासाहेब आपल्या माणसांपुढे उभे राहिले की मराठीत बोलत. दोन्ही भाषा आपापल्या जागी पक्क्या.

आता वाक्प्रचार शिकायचे कसे? माझे मत असे, की ज्या घरातल्या माणसाने जे काम केले, त्या कामातून सुरुवात करावी. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या आपल्या कुटुंबांचेच घ्या. 'लाइन क्लिअर' हा शब्द तिथे लग्न जुळवतानाही वापरतात! मुलीकडच्यांचा होकार आला की लाइन क्लिअर. एखाद्याला बाजूला सारले तर 'सायडिंगला टाकले'. असे बोलणाऱ्या माणसाला 'लेट ऑफ स्टीम' समजावून सांगायला किती वेळ लागेल? कोळशाच्या इंजिनात वाफ कोंडली तर बॉयलरला धोका, म्हणून ती व्हॉल्व्हमधून सोडून देतात. माणसाने मनात साठलेला राग बोलून मोकळा केला की त्याने वाफ सोडली. 'ही हॅज गॉन ऑफ द रेल्स' म्हणजे पोरगा बहकला, रुळावरून घसरला. 'यू आर ऑन द राइट ट्रॅक' म्हणजे तुझे बरोबर चालले आहे. भुसावळच्या खलाशाला हे शिकवावेच लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

गिरणीचेही तसेच. धुळे, अमळनेर, जळगाव इथल्या गिरण्यांत ज्यांचे वाडवडील होते त्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा: 'ऑन टेंटरहुक्स'. पूर्वी विलायतेत कापड धुऊन झाले की चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवीत. त्या चौकटीला टेंटर म्हणत, आकड्यांना टेंटरहुक्स. बारावीचा निकाल लागेपर्यंत आईचा जीव टांगणीला लागतो ना, तेच हे. तिकडे कापड टांगलेले, इकडे जीव.

आणि क्रिकेट तर पोरांच्या रक्तातच. 'बॅक फुटवर जाणे' आता मराठी वर्तमानपत्रेही सर्रास लिहितात.

काही जोड्या मात्र अगदी मजेशीर आहेत. आपण म्हणतो, हे काम म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. इंग्रज म्हणतो, 'इट्स अ पीस ऑफ केक'. आपण हात धुतले, त्याने खाऊन टाकले! 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' म्हणजे ऐकलेले सगळेच खरे धरू नका. आपल्याकडे तिखटमीठ लावतो तो सांगणारा, तिकडे मीठ घेतो तो ऐकणारा. निवडणुकीच्या दिवसांत दोघांनीही लावावे.

उलट बाजूनेही घोटाळे होतात. मराठी वाक्य जसेच्या तसे उचलून इंग्रजीत ठेवले की ऐकणारा बुचकळ्यात पडतो. 'डोन्ट ईट माय हेड' आपल्याकडे कोणीही समजेल, पण परदेशातला माणूस दचकेल. 'व्हॉट इज युअर गुड नेम' हे शुभनामावरून आले. त्याला वाटेल, वाईट नावही असते की काय. आपल्याकडची मुले म्हणतात, 'आय पास्ड आउट इन २०१८'. शिक्षण पूर्ण झाले, हा त्यांचा अर्थ. आपल्या देशात तो सर्वांना कळतो. पण परदेशातला माणूस समजतो, हा २०१८ साली चक्कर येऊन पडला होता. त्याच्यापुढे 'आय ग्रॅज्युएटेड' किंवा 'आय फिनिश्ड माय डिप्लोमा' म्हणावे.

पण याची फार लाज बाळगू नये. 'आउट ऑफ स्टेशन' आणि 'डू द नीडफुल' हे शब्द आपण बनवलेले नाहीत. ते साहेबाच्याच कचेरीतले जुने शब्द. साहेब गेला, त्याच्या देशात ते मागे पडले, आपल्या कचेऱ्यांनी मात्र जपून ठेवले. 'प्रीपोन' हा शब्द आपल्या देशात रुळला आणि आता विलायती शब्दकोशातही जाऊन बसला आहे. उच्चाराचेही तसेच. गोऱ्यासारखे नाकात बोलून काही कमाई होत नाही. सावकाश आणि स्पष्ट बोलावे, एवढे पुरे.

मी निवृत्त शिक्षक आहे. दर रविवारी संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना घेऊन बसतो. म्हणींच्या मागे लागलेल्या मुलांना मी सांगतो, आधी लहान वाक्ये शिका. मुलाखतीत 'मायसेल्फ अमुक तमुक' म्हणून सुरुवात करू नका, 'आय अ‍ॅम' म्हणा, 'माय नेम इज' म्हणा. प्रश्न ऐकू आला नाही तर आपली मुले मान डोलावतात, आणि तिथेच फसतात. म्हणावे, 'सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट'. किंवा 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' उत्तर सुचायला वेळ हवा तर 'लेट मी थिंक'. येत नसेल तर 'आय अ‍ॅम नॉट शुअर, बट आय विल फाइंड आउट'. आणि शेवटी ते म्हणाले, 'वुई विल गेट बॅक टू यू', तर त्याचा अर्थ 'आम्ही कळवू'. नोकरी मिळाली असा त्याचा अर्थ धरून घरी पेढे नेऊ नका. दुसरीकडे अर्ज चालू ठेवा.

एका वाक्याची मात्र विशेष काळजी घ्या. समोरच्याचे बोलणे कळले नाही तर 'व्हॉट डू यू मीन?' असे पटकन तोंडात येते. व्याकरणाने ते बरोबर आहे. पण आवाज थोडा चढला तर ते 'तुला म्हणायचंय काय?' असे भांडखोर वाटते. त्याऐवजी 'सॉरी, व्हॉट डज दॅट मीन?' म्हणावे. शब्दाचा अर्थ विचारला, माणसाला जाब विचारला नाही. भाच्याने त्या दिवशी हे एक वाक्य म्हटले असते तर तीन महिने वाचले असते. पण विचारायचे म्हणजे आपल्याला येत नाही हे चारचौघांत कबूल करायचे, आणि तिथेच आपल्या पोरांची जीभ अडते. त्याला कारण आहे. गावाकडून शहराच्या शाळेत आलो तेव्हा आम्ही 'आहे'च्या जागी 'शे' म्हटले की वर्ग हसायचा. अहिराणी घरात ठेवायची आणि पुस्तकी मराठी दप्तरात न्यायची, हे आम्ही आठव्या-नवव्या वर्षीच शिकलो. एकदा हसू झालेले माणूस पुन्हा तोंड उघडायला घाबरते. माझ्या रविवारच्या वर्गात म्हणून एकच नियम आहे: चुकणाऱ्याला हसायचे नाही. दुसऱ्याला हसणाऱ्याने पुढची पाच वाक्ये स्वतः बोलायची. मुली आता बिनधास्त बोलतात, मुलगे अजून लाजतात.

घरी करायचे असेल तर एक दहा रुपयांची वही घ्या. रोज एकच वाक्य लिहा, पण ते कोणी, कोणाला, केव्हा म्हटले तेही शेजारी लिहा. मोबाइलवर ऐकलेले असो, कंपनीत ऐकलेले असो. दुसऱ्या दिवशी ते एकदा तरी कोणाला तरी म्हणा. आईला म्हटले तरी चालेल. वर्षाला तीनशे पासष्ट वाक्ये होतात, आणि रोजच्या बोलण्याला त्याहून जास्त लागत नाहीत.

भाच्याने राजीनामा फाडला. पुण्याला परत गेल्यावर त्याने साहेबाला सगळे सांगितले, मराठीतला अर्थसुद्धा. साहेबाने कपाळाला हात लावला म्हणे. आता तो फोनवर मला खोटेच सांगतो, "मामा, माझी बदली दिल्लीला झाली," आणि मी घाबरलो की म्हणतो, "पुलिंग युअर लेग, मामा."

जाता जाता एक. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. इंग्रजीत उठताना 'आय अ‍ॅम कमिंग' म्हटले तर समोरचा पुन्हा खुर्ची पुढे करील. तिथे 'सी यू लेटर' म्हणावे. मी हे वर्गात सांगत होतो तेव्हा साक्रीकडची एक आजी नातीला न्यायला दारात उभी होती. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "मास्तर, मी येस." सगळी पोरे एका सुरात ओरडली, "येस, आजी, येस!" आजीला कळेना, आज अख्ख्या वर्गाला अहिराणी कशी आली.